गल्ली नंबर आणि देवपूरचा थांबा
कुणीतरी म्हणतं की धुळ्यात गल्ल्यांना नावं सुचली नाहीत म्हणून नंबर दिले. गंमत म्हणून ठीक, पण पटत नाही. 1818 नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने मुख्य ठाणं धुळ्यात आणलं, आणि व्यापाऱ्यांना बोलावून नवी पेठ आखून वसवली. म्हणून या भागातल्या गल्ल्या सरळ आणि एकमेकींना समांतर, त्यांना ओळीने नंबर देणंच सोयीचं. जुनं धुळं वेगळंच, तिथे वाट आपल्या मर्जीने वळते. आजही पत्ता सांगताना 'चार नंबर गल्ली' एवढं पुरतं, पुढचं रिक्षावाला बघतो.

आता धुळ्याला येणाऱ्या एसटीबद्दल सांगतो. शिरपूरकडून येताना स्टँडपर्यंत बसून राहणारे पाहुणेच; गावातले लोक आधीच, नदीअलीकडच्या देवपूर भागात उतरायचे. कंडक्टर ओरडायचा, "देवपूरले कोन उतरस रे भो?" की निम्मी गाडी उभी राहायची. पिशव्या सावरत पांझरा नदीवरच्या लहान पुलावरून चालत पलीकडे, मग आग्रा रोडचा बाजार. मुंबई-आग्रा रस्ता पूर्वी गावातूनच जायचा, त्याचं नाव बाजाराला चिकटलं ते कायमचं. पाचकंदील चौकापाशी पोचेपर्यंत निम्मी खरेदी आटपायची. पुराचं पाणी लहान पुलावर चढलं की मात्र मोठ्या पुलाचा वळसा, आणि आईची कुरकुर. चैत्र पौर्णिमेला देवपुरातल्या एकवीरा देवीची यात्रा असली की चालत जाणंच शहाणपणाचं, गाडी कुठे अडकेल सांगता यायचं नाही.