घामाचे डाग तसेच का ठेवलेत? (रशियन बॅलेचे जुने पोशाख)

कपडेपट_दादर:
नमस्कार मंडळी. ३२ वर्षं नाटकांचा कपडेपट सांभाळला, आता निवृत्त. सध्या लेकीकडे लंडनला आहे. नातू शाळेत गेला की मी मोकळा, म्हणून लेकीने पूर्व लंडनमधल्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) संग्रहालयाच्या नव्या स्टोअरहाऊसमध्ये वेळ ठरवून दिली. आधी कळवलं की तिथे हवी ती वस्तू टेबलावर काढून दाखवतात. मी मागवला १९१३ च्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या रशियन बॅलेमधला पोशाख, निकोलाय रेरिखने आखलेला. हिमालय रंगवणारे, कुलूजवळ नग्गरला राहिलेले ते रेरिख, तेच हे.

मला वाटलं, बॅले म्हणजे तलम काहीतरी असणार. निघालं जाड लोकरी फ्लॅनेल, घोंगडीचा धाकटा भाऊच! त्यावर रंगाची नक्षी ठशासारखी उठवलेली. हे घालून नाचायचं म्हणजे वाफाळून निघायचं. काखेत तपकिरी डाग, गळ्याला मेकअपचा मळ. माझ्या पेटीत असा कपडा सापडला असता तर मालकांनी मलाच पेटीत घातलं असतं. आम्ही प्रयोग संपला की काखेत स्पिरिट फवारायचो आणि सकाळी उलटा करून वाळत टाकायचो.

तर हे लोक डाग काढत का नाहीत? आणि गावोगाव फिरणाऱ्या कंपनीचे कपडे शंभर वर्षं टिकले कसे? आमच्यांची दहा वर्षांत चिंधी व्हायची.

झिरमिळी:
काका, मी जुन्या कापडांच्या जतनाचंच काम करते (दुसऱ्या संग्रहालयात). पाणी लागलं की ती नक्षी फुटायची भीती, हे पहिलं कारण. रेशमाचं तर विचारूच नका. तेव्हा रेशीम वजनावर विकत, म्हणून त्याला कथलाचे क्षार पाजून जड करायचे. ते आज घडीवर पापडासारखं मोडतं. म्हणून वर जाळी धरून अगदी मंद व्हॅक्यूमने धूळ ओढायची, घडीत आम्लरहित कागदाच्या वळ्या ठेवायच्या, उजेड मंद, ५० लक्सच्या आसपास. कसर दिसली तर पिशवीत बंद करून उणे ३० अंशांत तीन दिवस. डांबराच्या गोळ्या नकोत!

दुसरं म्हणजे तो डाग पुरावा आहे. कपडा कुठे घासला, किती वापरला, ते त्यातून कळतं. अशा पोशाखांच्या आत शाईने नर्तकांची नावं असतात, कधी एक खोडून दुसरं. उसवून सैल केलेली शिवण तुम्हाला माझ्याआधी दिसेल.

टिकले कसे, तर निम्मं नशीब. ही बॅले कंपनी चालवणारा द्यागिलेव्ह ऑगस्ट १९२९ मध्ये व्हेनिसला वारला. पुढे सामान कर्नल द बाझिलच्या कंपनीकडे गेलं आणि तेच कपडे पुन्हा रंगमंचावर आले. ती कंपनीही बुडाली. मग सगळं पॅरिसजवळ मोंरूजच्या गोदामात पडून. १९६७ पासून लंडनला सदबीजने लिलाव केले. १९६८ च्या लिलावात तर तरुण नर्तकांनी पोशाख अंगावर घालून दाखवले. आज हे ऐकूनच मला घाम फुटतो. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे ४०० पोशाख घेतले, तेव्हा त्यांची इमारतही उघडली नव्हती. ती उघडली १९८२ ला.

मॉस्को_८१:
रशियातल्या रशियात जपणारा माणूसही होता हो. अलेक्सेई बखरुशिन, कातडी कमावणाऱ्या धनाढ्य घराण्यातला. (नावात बखर आहे, हा निव्वळ योगायोग.) भावाशी पैज लागली आणि हा नाटकाचं सामान गोळा करत सुटला, असं सांगतात. १८९४ मध्ये संग्रह लोकांना दाखवला, १९१३ मध्ये विज्ञान अकादमीला देऊन टाकला. क्रांतीनंतरही आपल्याच घरातलं संग्रहालय तो शेवटपर्यंत चालवत राहिला. वारला १९२९ मध्येच, द्यागिलेव्हच्या दोन महिने आधी. मॉस्कोत पावेलेत्स्की स्टेशनसमोर आहे ते. विद्यार्थी असताना मी गाडीला वेळ असला की तिथे शिरायचो, खरं तर थंडी टाळायला.

कागदीकिडा:
पोशाखांना जागा लागते, म्हणून बरेच शौकीन संकल्पचित्रांकडे (पोशाख शिवण्याआधी काढलेल्या चित्रांकडे) वळतात. निकिता लोबानोव्ह-रोस्तोव्स्की १९५४ चं लंडनचं द्यागिलेव्ह प्रदर्शन बघून वेडावला. शिकला भूगर्भशास्त्र, पुढे नोकरी बँकेत. पत्नी नीनासह त्याने पॅरिस-न्यूयॉर्कमधले परागंदा चित्रकार आणि त्यांच्या विधवा यांच्याकडून चित्रं जमवली, हजारावर. त्यातली बरीचशी आता सेंट पीटर्सबर्गच्या नाट्य-संगीत संग्रहालयात आहेत.

एक सांगतो. द्यागिलेव्हसाठी पोशाख आखणाऱ्या बाक्स्ट या चित्रकाराने गाजलेल्या पोशाखांची चित्रं विकण्यासाठी पुन्हा काढली, ती दिसायला देखणी. शिंप्याकडे गेलेल्या चित्रावर मात्र टाचण्यांची भोकं, पेन्सिलीच्या सूचना, कधी कापडाचा तुकडा.

कपडेपट_दादर:
भोकांचंच मला द्या. देखणं चित्र भिंतीवर जातं, भोकांचं आमच्या हातात यायचं. झिरमिळीताई, मंगळवारची वेळ पुन्हा घेतली आहे. या खेपेला पोशाखाची आतली बाजू दाखवायला सांगतो. नाव दिसलं तर इथे लिहीन. आणि हो, काखेत वेगळ्या दोऱ्याचे टाके होते, ते मी पहिल्याच दिवशी पाहिले. उजवीकडे जास्त.