अमादू-मरियमच्या 'ला कॉन्फ्युजन'चं जरा जास्तच कौतुक झालं का?

तंतुवेडा: मालीच्या अमादू बागायोको आणि मरियम डुंबिया या जोडप्याचा हा अल्बम 2017चा. 'फोलिला' (2012) नंतर पाच वर्षांनी आला, त्यात सिंथ (सिंथेसायझर) आणि डिस्कोचा ठेका. बऱ्याच परीक्षकांनी 'ताजेपणा' म्हणून पाठ थोपटली. मला पटलं नाही. मालीच्या राजधानीकडच्या, बामाकोकडच्या जेंबेवादनात (जेंबे म्हणजे हाताने वाजवायचा ढोल) मात्रेचे पोटभाग सारख्या लांबीचे नसतात, एखादा आखूड तर एखादा लांब. डोलायला होतं ते त्यामुळेच. इथे त्यावर प्रत्येक मात्रेला बास ड्रम ठोकला की कान त्या सरळ रेषेला चिकटतो आणि अमादूच्या गिटारची लचक ऐकूच येत नाही.

ठेका१६: इक्वलायझरवर 150 हर्ट्झच्या खालचं सगळं, म्हणजे बास ड्रमचा दणका, उडवून याच अल्बममधलं 'बोफू सफू' ऐका, मग बोला. गाणं कोसळत नाही. शिवाय कामापेक्षा नाचात रमणाऱ्या पोरांवरचं गाणं ते, त्याला ठेका नको तर काय? अमादू 1974 ते 1980 'लेझांबासादर दु मोतेल'मध्ये वाजवत होता, म्हणजे बामाकोच्या मोटेलचा बँड. लोकांना नाचवणं हेच त्यांचं काम.

तंतुवेडा: त्या बँडवर क्युबन छाप होती. क्युबन संगीतातला बास (खालचे सूर धरणारं वाद्य) पहिली मात्रा बहुधा मोकळी सोडतो, सूर आधीच्या चौथ्या मात्रेवरच लावून ठेवतो. ती जागा नाचणारा पायाने भरतो. इथे पायाला काही उरलंच नाही. झंकार बीट्स आठवले.

मधलीपट्टी: झंकार बीट्स हा अन्याय आहे हो, तिथे जुन्या ध्वनिमुद्रणावर वरून ठेका चिकटवत. इथे निर्माता आद्रियां दुरांने रचनाच सिंथ धरून बांधलीय. दोष असेल तर मिक्सिंगचा, म्हणजे वाद्यांचे आवाज एकमेकांत बसवण्याचा. साधारण 200 ते 800 हर्ट्झमध्ये गिटारचं अंग असतं आणि सिंथचे लांब सूरही तिथेच पसरतात, मग गिटार मागे पडते. सिंथचा खालचा भाग 300 हर्ट्झच्या आसपास कापला, तर बास ड्रम जसाच्या तसा ठेवूनही ती पुढे येते. तुलना करायचीच तर त्यांच्याच 'सबाली' गाण्याशी करा (2008, ब्रिटिश संगीतकार डेमन अल्बार्नसोबतचं). तिथे आधी मरियमचा आवाज मनात बसतो, ठेका मागून येतो.

ठेका१६: 'सबाली'त तरी गिटार कुठे पुढे आहे? ते मात्र सगळ्यांना चालतं!

तंतुवेडा: चालतं, कारण तिथे ती दाबलेली नाही, मुळात मध्ये आणलेलीच नाही.

मधलीपट्टी: परीक्षणांवर माझा राग वेगळाच आहे. पहिल्याच ओळीत 'अंध जोडपं', दुसरीत 'आनंदी संगीत'. 2012 साली मालीत लष्करी बंड झालं, उत्तरेत जिहादी गटांनी संगीतावर बंदी घातली. त्यानंतरचा हा अल्बम, नावातच गोंधळ. डिस्कोवर परिच्छेदच्या परिच्छेद आणि याला जेमतेम अर्धं वाक्य?

ठेका१६: हे मान्य. 150 हर्ट्झचं तेवढं करून बघा पण, हेडफोनवर. मोबाइलच्या स्पीकरवर तसंही खालचं काही वाजत नाही.