रेडिएशन चालू आहे, आईला नाकातल्या नळीतून घरचं काय काय देता येईल?

कृष्णाकाठ
आई 58 वर्षांची. गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर, मिश्रीचा प्रताप. ऑपरेशन झालं, आता रेडिएशनच्या 30 पैकी 14 बैठका झाल्यात. कराडहून येऊन मुंबईत खोली घेतलीय, सोबत मी आणि आत्या. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटलं, पाण्याचा घोटही जाईना, म्हणून नाकातून नळी घातली. ऑपरेशनआधी वजन 52 होतं, काल 47 भरलं. मशीनवर झोपवताना चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवतात, तो आता सैल होतोय. आणखी उतरलं तर पुन्हा स्कॅन काढून नवा मास्क करावा लागेल म्हणाले. तेव्हा माझं धाबं दणाणलं.

सध्या नळीतून डाळीचं वरचं पाणी, शहाळं आणि सफरचंदाचा रस जातोय. आहाराचा तक्ता मिळालाय, पण त्यातली पावडर रोजच्या रोज परवडत नाही. आणि दूध, साखर, अंडी आत्याने बंद केलीत. साखरेवर गाठ पोसते, असं तिला कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलंय. आईला डायबेटिस नाही. काय करू?

गाळणीवाली
दादा, आमच्या ह्यांना जिभेचा होता. अकरा आठवडे नळी होती, त्यामुळे या विषयात माझी पीएचडी झालेली आहे. तुम्ही देताय ते पाणी आहे, जेवण नाही. डाळ खाली राहते आणि वरचं पिवळं पाणी आईला जातं, मग डाळ खातं कोण? तुम्ही आणि आत्या!

मी काय करायची सांगते. मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी, त्यात भोपळा किंवा गाजर, एक पूर्ण उकडलेलं अंडं, दोन चमचे तूप. मिक्सरमधून बारीक, मग आधी चाळणीतून आणि नंतर मलमलच्या फडक्यातून. हे दुसरं गाळणं टाळलंत तर नळी तुंबणार म्हणजे तुंबणार. आमची एकदा रात्री अकराला तुंबली होती, जिऱ्याच्या एका फोडणीपायी. तेव्हापासून फोडणी बंद.

आता खरी गंमत नाचणीची. गाळलेलं दाट असलं तर उतरत नाही, आणि पाणी घालून पातळ केलं तर पोटात नुसतं पाणीच जातं. त्यावर उपाय मोडाची नाचणी. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, अगदी हलकी गरम करून दळायची. जास्त भाजली की तिचा गुण गेला. साध्या नाचणीची दुधातली खीर चमचा उभा राहील इतकी घट्ट शिजवा, खाली उतरवून जरा निवली की त्यात हे पीठ एक चमचा कालवा. दहा मिनिटांत डोळ्यांदेखत ताकासारखी सैल होते. मग एक उकळी आणून गाळा. दूध-नाचणी तेवढीच, पण नळीतून सरसर उतरते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं होतं.

सिरिंजचा दट्टा दाबू नका. दट्टा काढून सिरिंज वर धरा, आपोआप उतरू दे. आईला टेकून बसवा, नंतरही अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. आधी आणि नंतर थोडं साधं पाणी सोडायचं.

निसर्गोपासक
दूध-अंडी विष आहे. गव्हांकुराचा रस आणि लिंबूपाणी द्या, शरीर आपोआप शुद्ध होतं.

गाळणीवाली
भाऊ, त्या माउलीचं पाच किलो वजन शुद्ध होऊन गेलंय, अजून किती करता?

आहारतज्ज्ञ_ठाणे
आकडे देते. साधारण हिशेब किलोमागे 25 ते 30 कॅलरी आणि 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन. म्हणजे आईंना दिवसाला सुमारे 1400 कॅलरी आणि 55 ते 70 ग्रॅम प्रोटीन. एका शहाळ्यात जेमतेम 50 कॅलरी असतात. पाव लिटर म्हशीच्या दुधात 200 च्या वर कॅलरी आणि 8-9 ग्रॅम प्रोटीन, एका अंड्यात 6 ग्रॅम. फुटाण्याच्या डाळ्यांचं पीठ पावडरीपेक्षा कितीतरी स्वस्त.

साखर बंद केल्याने गाठ उपाशी राहत नाही. शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर बनवतं. आईचे दंड उतरलेले दिसत असतील तर ते तेच.

पण उद्यापासून एकदम 1400 देऊ नका. इतके दिवस पोट रिकामं असताना एकदम भर घातली तर रक्तातले क्षार कोसळू शकतात. तक्ता देणाऱ्यांना 'पावडर परवडत नाही' असं स्पष्ट सांगा. त्या घरच्या पदार्थांत हिशेब बसवून देतील, आणि किती दिवसांत वाढवायचं तेही ठरवतील. एका वेळी 200 ते 250 मिली, दर दोन-तीन तासांनी. नळीवरची नाकाजवळची खूण सरकलेली दिसली, किंवा देताना खोकला-धाप लागली, तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. बाहेर दोन तासांवर राहिलेलं टाकून द्या, मुंबईची हवा आहे.

तोंडासाठी उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा. गिळायचं नाही, दिवसातून पाच-सहा वेळा नुसतं खळखळवायचं.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. आज तक्त्यावाल्या मॅडमना भेटलो, त्यांनी पावडर दिवसातून एकदाच ठेवली, बाकी खिचडी, दूध आणि डाळ्यांचं पीठ. बहीण कराडहून मोडाची नाचणी पाठवतेय. आत्याला दूध 'औषधाचं' आहे म्हणून ठोकून दिलंय.

एक लिहायचं राहिलं. हीच आत्या रोज सकाळी गॅलरीत बसून मिश्री लावते. आई आतून बघत असते.

आहारतज्ज्ञ_ठाणे
पुढच्या बैठकीला जाताना आत्याबाईंनाही सोबत न्या. तोंड तपासून घ्या त्यांचं.