घड्याळातले ४२.६ किलोमीटर

४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन संपताना जीपीएस घड्याळात ४२.६ किलोमीटर दिसले म्हणजे आयोजकांनी मार्ग लांब आखला, हा निष्कर्ष मला पटत नाही. उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटते हे खरेच आहे, पण प्रमाणित मार्गाची मोजणी मुळात जीपीएसने होत नाही. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारे छोटे यंत्र) बसवून, पोलादी टेपने मोजलेल्या सरळ अंतरावर तो आधी पारखून घेतात आणि मग प्रत्येक वळण आतल्या कडेपासून सुमारे ३० सेंटिमीटरवरून घेत, धावता येईल असा सर्वांत जवळचा मार्ग मोजतात. शिवाय अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला १ मीटर जादा धरतात. गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जाणाऱ्या धावपटूचे अंतर त्यामुळे खरोखरच वाढते.

याचा खरा फटका वेगाच्या हिशेबाला बसतो. चार तासांचे लक्ष्य ठेवून घड्याळावर किलोमीटरला ५:४१ मिनिटांचा वेग काटेकोर सांभाळला, तरी घड्याळ ४२.६ मोजत असेल तर दोन मिनिटे उशीर होतो. म्हणून मी शर्यतीत ऑटो लॅप (घड्याळाने मोजलेल्या दर किलोमीटरला आपोआप वेळ नोंदवण्याची सोय) बंद ठेवतो आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या प्रत्येक फलकापाशी लॅपचे बटण स्वतः दाबतो.