ग्रामपंचायतीची नगरपरिषद होतेय: सोहळा कधी, कसा आणि त्याआधी काय उरकायचं?

खाडीकाठ (प्रश्न)

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं गाव शहराला चिकटून वाढलेलं आहे. दोन महसुली गावं आणि त्यांच्या वाड्या मिळून लोकसंख्या पंचवीस हजारांच्या वर गेली आहे. नगरपरिषदेची प्रारूप अधिसूचना निघाली, हरकतींची मुदतही संपली. गावात उत्साह आहे. सोहळा समितीही उभी राहिली आहे. जाणकारांकडून पुढच्या गोष्टी हव्यात.

सोहळ्याचा दिवस कोणता धरावा? खर्च कुठून करावा? मिरवणूक, ग्रामदेवतेचा मान आणि वाड्यांचा सहभाग कसा बसवावा? शिवाय गावात दोन गोष्टी पसरल्या आहेत. एक, घरपट्टी लगेच तिप्पट होणार. दोन, नगरपरिषद झाली की किनाऱ्यालगतची सीआरझेडची (किनारी बांधकामाच्या नियमांची) बंधनं आपोआप सुटणार. यात खरं किती?

नोंदवही

पेढे अजून वाटू नका. प्रारूप अधिसूचना म्हणजे शासनाचा इरादा. त्यावर किमान तीस दिवस हरकती घेतल्या जातात, जिल्हाधिकारी त्यावर अहवाल देतात, आणि नंतर अंतिम अधिसूचना राजपत्रात येते. त्या अंतिम अधिसूचनेतली तारीख हाच नगरपरिषदेचा जन्मदिवस. प्रारूपावर ढोल वाजवले आणि अंतिम अधिसूचनेत एखादी वाडी वगळली गेली, तर त्या वाडीचे लोक पुढची कित्येक वर्षं बोलत नाहीत.

कायदा १९६५ चा आहे: महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. दहा ते पंचवीस हजार लोकवस्तीचं संक्रमणात्मक क्षेत्र (गावातून शहर होत चाललेलं) असेल तर नगरपंचायत. पंचवीस हजारांच्या वर लोकवस्ती आणि निदान ३५ टक्के रोजगार बिगरशेती असेल तर नगरपरिषद. चाळीस हजारांपर्यंत 'क' वर्ग, त्यापुढे एक लाखापर्यंत 'ब', आणि त्याहून मोठी 'अ'. तुमची 'क' वर्गात बसेल. भाषणात आणि फलकावर 'महानगर' वगैरे लिहू नका. महानगरपालिकेची पायरी तीन लाखांची आहे. पनवेलला १८५२ पासून नगरपालिका होती, तरी महानगरपालिका व्हायला १ ऑक्टोबर २०१६ उजाडला.

अंतिम अधिसूचना हातात आली की पहिल्यांदा नाव आणि चतुःसीमा वाचा. दोन गावांची एक नगरपरिषद होते तेव्हा नावावरूनच रुसवे होतात. म्हणून देवगड-जामसंडे, कसई-दोडामार्ग, वाभवे-वैभववाडी, कुळगाव-बदलापूर अशी जोडनावं दिसतात. दोन्ही नावं हवी असतील तर ते हरकतींच्या काळातच लेखी मांडायचं असतं. तुम्ही मांडलं असेलच. नसेल तर कमानीवर मनाने नाव रंगवू नका, अधिसूचनेत जसं आहे तसंच लिहा, जोडरेघेसकट.

खर्च ग्रामनिधीतून करू नका. अंतिम अधिसूचनेबरोबर ग्रामपंचायत संपते आणि तिची शिल्लक, देणी, मालमत्ता नगरपरिषदेकडे जाते. शेवटच्या आठवड्यात मंडप आणि सत्काराची बिलं काढली की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि वसुली सरपंच-ग्रामसेवकांवर बसते. सोहळा लोकवर्गणीतूनच करा. सार्वजनिक उत्सव मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी घ्या, छापील पावतीपुस्तक ठेवा आणि पंधरा दिवसांत हिशेब देवळाच्या फलकावर लावा.

सहाणेवरून

दिवसाबद्दल. जून ते सप्टेंबर सोडाच. मे महिन्यात चाकरमानी असतात म्हणून मोह होतो, पण विहिरी तळाला गेलेल्या असतात, टँकर लागतो आणि वळवाचा भरवसा नाही. शिमग्यात गर्दी आयती मिळते, तरी त्यात सोहळा घुसडू नये. पालख्या घरोघर फिरत असतात, मानकरी, खेळे आणि ढोलवाले त्यात गुंतलेले असतात, आणि देवाच्या कार्यक्रमात माणसांचा सत्कार शोभत नाही. डिसेंबरच्या शेवटची सुट्टी किंवा पौष-माघातला रविवार उत्तम. आचारसंहिता लागलेली नाही ना, हे तहसील कार्यालयातून आधी विचारून घ्या. नाहीतर मंत्री आणि आमदारांची नावं छापलेल्या पत्रिका वाया जातात.

सुरुवात ग्रामदेवतेच्या गाऱ्हाण्याने, म्हणजे तिच्यापुढे गावाच्या वतीने घातलेल्या साकड्याने, करा. गाऱ्हाणं ज्याच्या मानाचं आहे त्यानेच घालावं. नगरपरिषद झाली म्हणून गावऱ्हाटी (मानपानाची जुनी रीत) बदलत नाही. मानाचा क्रम, नारळ कोणाचा पहिला, अब्दागिरी कोण धरणार, हे सगळं गावच्या सगळ्या (बारा-पाच) मानकऱ्यांना बसवून आठवडाभर आधी ठरवा. दोन महसुली गावं म्हणजे दोन ग्रामदेवता. दोन्हीकडे गाऱ्हाणं हवं, आणि दोन्हीकडून निघालेले लोक मधल्या मोकळ्या जागेत भेटावेत. एकाच देवळातून मिरवणूक निघाली तर दुसरं गाव पाहुणं ठरतं. बौद्धवाडी, मोहल्ला, भंडारवाडा, कोळीवाडा या सगळ्यांचे प्रतिनिधी स्वागत समितीत पहिल्या बैठकीपासून असावेत. शेवटच्या दिवशी नुसतं निमंत्रण धाडणं पुरेसं नाही.

माझा आग्रह मिरवणुकीपेक्षा शिवफेरीचा आहे. प्रारूप अधिसूचनेतही पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर हद्दी दिलेल्या असतात. तलाठी, पोलीसपाटील आणि जुने शेतकरी यांना बरोबर घेऊन, सोहळ्याची वाट न पाहता, अंतिम अधिसूचनेआधीच्या एखाद्या रविवारी हद्द चालून काढा. वहाळ, साकव, पाखाड्या (दगडी पायवाटा), गावदरीतली सार्वजनिक विहीर, स्मशानाची वाट, सगळ्याचे फोटो घ्या आणि गट नंबर लिहून ठेवा. मुलांना बरोबर न्या. शीव पायाखालून गेली की नवं गाव आपलं वाटतं, आणि पुढे कोणी पाखाडीवर गडगा (दगडी बांध) घातला तर दाखवायला पुरावाही राहतो.

मिरवणुकीत खालूबाजा आणि ढोल-सनई ठेवा, जाखडी नाचाचा एक फड बोलवा. डीजे नको. ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र. जाखडी रंगात आली की दहा वाजलेले कळत नाहीत, म्हणून ती सातला सुरू करा आणि सत्कार दुपारीच उरका.

सांगता बंदरावर असेल तर भरती पाहा. ढोबळ हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा, तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. संध्याकाळी सहाला पुळणीवर माणसं जमवायची आणि तिथी अष्टमी, असा घोळ सहज होतो. उधाणाच्या दिवसांत व्यासपीठ धक्क्यावर घ्या, वाळूत नको.

जांभा

सीआरझेडचं आधी सांगतो, कारण त्यावर जमिनीचे व्यवहार सुरू होतात आणि लोक फसतात.

आपोआप काही सुटत नाही. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत सीआरझेड-२ म्हणजे नगरपालिका हद्दीतला किंवा कायद्याने शहरी ठरलेला असा भाग, जिथे निम्म्याहून अधिक भूखंडांवर बांधकाम झालेलं आहे आणि रस्ते, पाणी, सांडपाणी या सोयी आहेत. नुसती पाटी बदलून नारळीच्या बागा त्यात बसत नाहीत. ग्रामीण भाग सीआरझेड-३ मध्ये येतो. तिथे लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, कमी असेल तर २०० मीटर ना-विकास पट्टा. (२०११ च्या जनगणनेचा आकडा धरतात, गावातल्या आजच्या मोजणीचा नाही.) आणि शेवटी चालतो तो मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा. तो बदलेपर्यंत तुमचा गट नकाशात ज्या रंगात आहे त्याच रंगात राहतो. 'आता नगरपरिषद झाली, उद्या परवानगी मिळेल' असं सांगून कोणी बयाणा मागत असेल तर गट नंबर घेऊन नकाशा पाहा, मगच बोला.

घरपट्टी पहिल्या दिवशी बदलत नाही. आधी मोजणी, मग आकारणी यादी, मग प्रत्येक मालकाला नोटीस आणि हरकत, असा क्रम आहे. ग्रामपंचायतीचा कर इमारतीच्या भांडवली मूल्यावर असतो. नगरपरिषदेत सर्वसाधारणपणे वार्षिक भाड्यावरून करयोग्य मूल्य काढतात. समजा घराला महिना ३,००० रुपये भाडं येऊ शकतं असं धरलं. वर्षाचे ३६,०००, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा, म्हणजे करयोग्य मूल्य ३२,४००. त्यावर नगरपरिषद ठरवेल तो टक्का लागतो. शिवाय शिक्षण कर, वृक्ष उपकर असे जोड येतात. वाढ होते, हे खरं. पण खरी चूक मोजणीत होते. पडवी, मांगर, गोठा, पावसाळी लाकडाची खोप हे सगळं राहत्या घराच्या दराने धरलं जातं. मोजणीवाले येतील तेव्हा घरात माणूस ठेवा, प्रत्येक भागाचा वापर लिहून घ्यायला लावा. नोटीस आली की तिच्यातल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

झाडांचंही ऐका. नागरी क्षेत्रात १९७५ चा झाडांचा कायदा लागू होतो. परसातला वठलेला आंबा किंवा घरावर झुकलेला माड तोडायलासुद्धा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पन्नास वर्षांवरच्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्षाचं संरक्षण आहे. धोकादायक झाडांचे अर्ज पावसाळ्याआधी दोन महिने करा.

आणि ग्रामीण योजना बंद होतात, याची वाच्यता सोहळ्यात कोणी करत नाही. ग्रामीण रोजगार हमी, ग्रामीण घरकुल, जलजीवन ही दारं शहरी हद्दीला नाहीत. घरकुलाच्या यादीत ज्यांची नावं आहेत आणि मंजुरी झाली आहे त्यांचा पहिला हप्ता अंतिम अधिसूचनेआधी पडतोय का, हे आजच पंचायत समितीत विचारा. गरिबाचं घर दोन याद्यांच्या मध्ये अडकू नये.

खाडीकाठ

फार उपयोगी. घरकुलाचं काम उद्याच लावतो. आणखी एक: साधारण हजार माणसांचा महाप्रसाद करायचा आहे. अंदाज कोणी देईल का?

आगळ

कच्चा तांदूळ माणशी १०० ग्रॅम, म्हणजे १०० किलो. काळे वाटाणे ४० किलो, दहा-बारा तास भिजवून. आदल्या रात्री नऊला भिजत घातले तर सकाळी आठला चुलीवर चढतात. दोन मोठी पातेली करा, एकाच पातेल्यात वरचे कच्चे राहतात आणि तळचे लागतात. शिऱ्याला २० किलो रवा पुरे, किलोमागे ५० ते ६० लहान द्रोण होतात. नारळाच्या रसाची सोलकढी हजार माणसांना करू नका. उन्हात दोन-तीन तासांत फुटते आणि आंबते. त्याऐवजी आगळ (कोकमाचा रस), मीठ, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर घालून फुटी कढी करा. थर्माकोल आणि प्लास्टिकची ताटं नकोत, पत्रावळी घ्या. उष्ट्यासाठी खड्डा विहिरीपासून लांब काढा. जांभ्या दगडातून पाणी झरझर झिरपतं.

नोंदवही

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, दप्तर. तहसीलदार सहसा प्रशासक म्हणून येतात, पुढे शासनाचा मुख्याधिकारी. त्यांना जे कागद मिळतील तेवढंच गाव त्यांच्या लेखी अस्तित्वात असतं. नमुना ८ ची कर आकारणी आणि नमुना ९ ची मागणी नोंदवही बहुतेक ठिकाणी संगणकावर असते. मागे पडतात त्या नमुना २२, २३ आणि २४: स्थावर मालमत्ता, रस्ते, जमिनी. वाडीतला रस्ता २३ मध्ये नसेल तर तो नगरपरिषदेच्या दुरुस्ती यादीत येत नाही, आणि मालक एक दिवस फाटक लावतो. शिवफेरीत टिपलेलं याच नोंदींशी ताडून पाहा. फरक असेल तर ग्रामसभा बोलावता येते तोवर ठराव करून दुरुस्त करा. अंतिम अधिसूचनेनंतर ग्रामसभा राहत नाही.

जन्म-मृत्यू नोंदवह्या वर्षवार मोजून, पानं क्रमांकित करून द्या. पाणीपुरवठ्याचे नकाशे, पंपाची वीजबिलं, व्हॉल्व्हच्या जागा दाखवणारा हाती काढलेला कागद हेही जोडा. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या वाडीचा हे बहुधा एकट्या पाणीवाल्याला माहीत असतं. त्याच्याकडून ते लिहवून घ्या, आणि ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीचे ठराव व हजेरीपटही त्यातच ठेवा. नगरपरिषदेच्या सेवेत समावेशनाच्या वेळी त्याच माणसाला ते कागद लागणार आहेत. पदभार पावती तीन प्रतींत करा: एक प्रशासकांकडे, एक पंचायत समितीत, एक मावळत्या सरपंचांकडे.

सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडेच राहतात. त्यासाठी नगरपरिषदेत हेलपाटे घालू नका, एवढं एक फलकावर लिहून टाका.