जेरेमी फॅरर वेलकम ट्रस्टवर गेले हे बरं झालं की वाईट?

चाफेकळी
परवा भावाशी यावरून कडाडून वाजलं (त्याच्या मते बरंच झालं) म्हणून इथे टाकतेय. फॅरर मेंदूविकारांचे डॉक्टर, १९९६ पासून सतरा-अठरा वर्षं हो ची मिन्ह सिटीत ऑक्सफर्डच्या रिसर्च युनिटचे प्रमुख, आणि २०१३ला ते सोडून लंडनला वेलकमचे, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या ब्रिटनमधल्या ट्रस्टचे, डायरेक्टर. मला हे नुकसानच वाटतं. टीबी मेनिंजायटिसमधे (मेंदूच्या आवरणाला होणारा टीबी) टीबीच्या औषधांसोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं तर जीव वाचतात हे त्यांच्या टीमने ५४५ पेशंटवर ट्रायल करून २००४ला दाखवलं. अपंगत्व नाही कमी झालं पण मृत्यू कमी झाले. आमच्या मावशीला हा आजार झाला होता, ज्यांच्या घरात झालाय त्यांना विचारा याची किंमत. पैशाचं बघायला माणसं मिळतात हो, असा डॉक्टर कुठून आणणार?

भीमथडी
ताई, पण त्या ट्रायलला पैसा दिला कोणी? वेलकमनेच. कुठे पैसा लावायचा हे वॉर्डात राबलेल्या माणसाला जास्त कळतं. इबोलाचं बघा, लस माकडांवर चालते हे २००५ला माहीत होतं आणि २०१४ला पश्चिम आफ्रिकेत साथ भडकली तरी माणसांवर टेस्टच झालेली नाही, ११ हजारांवर माणसं गेली. त्यातूनच २०१७ला सेपी ही संस्था उभी राहिली, साथ यायच्या आधीच लसींवर पैसा लावायला, त्यात वेलकम, गेट्स फाउंडेशन, नॉर्वे आणि आपलं सरकारपण होतं. एका वॉर्डात बसून हे झालं असतं?

नदीकाठ
मी चाफेकळीच्या बाजूने. खुर्ची माणसाला काय काय बोलायला लावते बघा. वेलकमचा पैसा गुंतवणुकीतून येतो, त्यात तेल कंपन्यांचे शेअर होते, २०१५ला ते विका म्हणून ब्रिटनमधे मोठी मोहीम झाली आणि फॅररनी नकार दिला, म्हणे शेअर ठेवून कंपन्यांवर आतून दबाव आणता येतो. आयुष्यभर रोगाशी लढलेल्या डॉक्टरला हे समर्थन करावं लागतं हेच मला खुपतं.

रानजाई
मी स्वतः बायोलॉजीत आहे. लॅब सोडावीच लागते असं नाही, ब्रिटनचे बायोलॉजिस्ट पॉल नर्स १९९६ पासून इम्पीरियल कॅन्सर रिसर्च फंड ही कॅन्सर संशोधन संस्था चालवत होते आणि लॅबपण, २००१ला नोबेल मिळालं तेव्हाही खुर्चीत होतेच. आणि वेलकम आणि आपल्या डीबीटीची (केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग) इंडिया अलायन्स २००८ला सुरू झाली, तिच्या फेलोशिपवर इथल्या कितीतरी जणांच्या लॅब उभ्या राहिल्या, पण ते श्रेय फॅररना नको, तेव्हा डायरेक्टर मार्क वॉलपोर्ट होते. अजून एक, व्हिएतनामचं काम थांबलं नाही हो. त्या ट्रायलचे मुख्य संशोधक गाय थ्वेट्स, २०१३ला तेच युनिटचे प्रमुख झाले.

चाफेकळी
थ्वेट्सचं माहीत नव्हतं, वाचून खरंच बरं वाटलं. तेवढ्यापुरतं भाऊ बरोबर. पण त्याच युनिटने टीबी मेनिंजायटिससोबत एचआयव्ही असलेल्या पेशंटवर डेक्सामेथासोनची ट्रायल केली तिचा निकाल २०२३ला आला आणि तिथे ठोस फायदा दिसला नाही. म्हणजे अशा पेशंटना काय द्यायचं ते अजून नीट कळलेलं नाही, आणि फॅरर त्याच वर्षी सौम्या स्वामीनाथन यांच्या जागी डब्ल्यूएचओचे चीफ सायंटिस्ट झाले, अजून एक खुर्ची. मला ते वॉर्डातच हवे होते.