बेसमेंटमधलं पाणी आणि उपशाचा पंप : नागपूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते ना? काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. आमचं घर नदीपासून बरंच लांब आहे, त्यामुळे आम्ही निर्धास्त झोपलो होतो. सकाळी बेसमेंटचं दार उघडलं तर खालच्या तीन पायऱ्या पाण्याखाली. उन्हाळा सरला की आम्ही कुलर तिथे ठेवतो. फायबरचा कुलर आडवा होऊन तरंगत होता आणि भिजलेल्या वाळ्याचा वास जिन्यापर्यंत येत होता. दिव्याच्या बटणाकडे गेलेला माझा हात बायकोने धरला. मेन स्विच बंद केल्यावरच आम्ही खाली उतरलो. बेसमेंटमध्ये पाणी असेल तर हे आधी, बाकी सगळं नंतर.

पंप घ्यायला गेलो तेव्हा प्रत्येक दुकानात एकच प्रश्न होता, किती एचपीचा? खरं तर किती पाणी आणि किती उंचीवर, हे विचारायला हवं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचा गाडी उतरवायचा उतार आणि समोरचं अंगण मिळून ६० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला तर ३००० लिटर, म्हणजे मिनिटाला ५० लिटर. मी दुप्पट धरलं, १००. पाणी गोळा होऊन पंप ज्यात बसतो त्या खड्ड्याच्या तळापासून पाइप बाहेर पडतो तिथपर्यंत १४ फूट, म्हणजे सव्वाचार मीटर, शिवाय बेंड आणि व्हॉल्व्हचा मीटरभर. पंपाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात छापलेलं हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, हे कमाल असतं, तेवढ्या उंचीवर पाणी बाहेर पडतच नाही. कंपनीचा तक्ता मागा आणि आपल्या उंचीला मिनिटाला किती लिटर मिळतं ते बघा. आम्हाला अर्ध्या एचपीचा पंप पुरला. तुमचे अनुभव लिहा, चुकलेलं आधी लिहा.

त्रिमूर्तीनगरहून : आमचं चुकलं ते असं. टाकीतलं पाणी गच्चीवर चढवणारा सबमर्सिबल घरी पडून होता, तोच खड्ड्यात सोडला. तो स्वच्छ पाण्याचा पंप. पहिल्याच पावसात काळ्या मातीचा गाळ आत गेला आणि मोटर नुसती घुमत राहिली. उघडला तेव्हा पंखा लोण्यासारख्या चिखलाने भरलेला. गढूळ पाण्याचा वेगळा पंप मिळतो, आपल्याकडे मड पंप म्हणतात. किती मिलिमीटरचा खडा त्यातून पार होतो हे त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. तोच घ्या.

मनीषनगर : आमच्याकडे उतारावरून थेंब येत नाही, पाणी खालून येतं. काळी माती पावसात फुगते आणि पाणी धरून ठेवते. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी फरशी आणि भिंतीच्या सांध्यातून पाणी झिरपूनच राहिलं होतं. मिस्त्रीने दोन बाय दोन फुटांचा, अडीच फूट खोल खड्डा खणला आणि मन लावून आतून पक्कं प्लास्टर केलं, तळाला कोबासुद्धा. इतका घट्ट की पाणी बाहेर साचतंय आणि खड्डा कोरडा! मग भिंतींना भोकं पाडली, बाहेरून गिट्टी भरली आणि भिंतीच्या कडेने बारीक चर काढून तो खड्ड्यात सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात दीड फूट पाणी. आईने वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढं पाणी आपल्या पायाखाली होतं होय!" पंप थेट तळावर ठेवू नका, खाली दोन विटा द्या, नाहीतर गाळच ओढतो. आणि फ्लोटला, म्हणजे पाणी चढलं की तरंगून पंप सुरू करणाऱ्या स्विचला, मोकळी जागा सोडा. आमचा फ्लोट एकदा स्वतःच्याच वायरीत अडकला, पाणी वर आलं तरी पंप गप्प. आता वायर क्लिपने पाइपला बांधलेली आहे. खड्ड्यावर जाळीचं झाकण आहे, घरात लहान मूल असेल तर ते हवंच.

नंदनवन : पाइपला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, लावा. तो नसेल तर पंप बंद झाला की पाइपमधलं सगळं पाणी परत खड्ड्यात येतं, फ्लोट उचलला जातो, पंप पुन्हा सुरू होतो, आणि हे रात्रभर चालतं. एनआरव्ही लावल्यावर आमच्याकडे दुसरीच अडचण आली. पंप चालायचा, पण पाणी फेकेना. आत हवा अडकायची. प्लंबरदादांनी पंप आणि एनआरव्हीच्या मधल्या पाइपला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, खड्ड्याच्या आतच. त्यातून बारीक धार उडते ती उडू द्या.

वर्धमाननगरहून, खाली माल ठेवणारा : मोठा पाऊस आला की लाईट जाते, आणि पंपाची गरज नेमकी तेव्हाच असते. घरच्या इन्व्हर्टरवर पंप लावून बघितला तर सुरू होतानाच ट्रिप. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. शेवटी १२ व्होल्टचा लहान पंप वेगळ्या बॅटरीवर बसवला, त्याचा फ्लोट मोठ्या पंपापेक्षा सहा इंच वर. तो साधारण ८ अँपिअर घेतो. १५० अँपिअर-तासाची बॅटरी अर्धी वापरली तरी नऊ तास निघतात. पाणी कमी फेकतो हे खरं, पण त्या रात्री माझी खोकी वाचली.

धरमपेठ : कोणीच लिहिलं नाही म्हणून विचारते, तुमचं पाणी जातं कुठे? आमचा पाइप समोरच्या नालीत होता. पुराच्या पहाटे नालीच तुडुंब भरली, पाइपचं तोंड पाण्याखाली गेलं आणि पंप नालीशीच झुंजत राहिला. आता पाइप रस्त्यापासून तीन फूट वर नेऊन मग खाली वळवलाय, तेवढी उंची हेडमध्ये धरावी लागली. काही जण गडर लाईनला, म्हणजे सांडपाण्याच्या गटाराला, जोडतात. कृपा करून तसं करू नका. आमच्या गल्लीत एकाने जोडलं आणि शेजारच्या काकूंच्या न्हाणीघरातून घाण पाणी वर आलं. घरात आजारी माणूस होता त्यांच्या.

धागाकर्ता : धरमपेठच्या ताई, हे माझ्याकडूनही राहिलं होतं. काल टॉर्च घेऊन बघून आलो, माझा पाइप नालीच्या काठापासून जेमतेम चार बोटं वर आहे. या आठवड्यात वर घेतो, मग पाणी मिनिटाला किती येतं ते बादली लावून पुन्हा मोजेन. एकाने पंप तपासायचा कधी असं विचारलंय. आम्ही नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तपासतो. बाहेर जमिनीला भेगा पडलेल्या असतात, कुलर वर नेलेले असतात, खाली जागा मोकळी असते. पंपाचा प्लग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर आहे, त्याचं टेस्ट बटण आधी दाबायचं. स्विच पडला की तो परत चढवून खड्ड्यात बादल्या ओतायच्या. पोरगी मोजते. अकराव्या बादलीला फ्लोट उचलतो, टक् असा आवाज येतो आणि वर अंगणात उभी असलेली आई ओरडून सांगते, "आलं रे पाणी!"